सातबाऱ्यावर ‘शत्रू संपत्ती’: १० सप्टेंबर १९६५ ला जमीन कोणाची होती, ते आधी काढा

प्रश्न थोडक्यात असा. रावेर तालुक्यात साडेतीन एकर केळीची जमीन. मूळ मालक १९५० साली गावातच वारला. बायको त्याच्या आधी गेलेली. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला मुलगा १९५८ साली कराचीला गेला तो परत आला नाही. धाकट्याने १९७४ साली सगळी जमीन तुमच्या वडिलांना नोंदणीकृत खरेदीखताने दिली. त्याआधी तुमचे आजोबा हीच जमीन निम्म्या बटाईने कसत होते. आता इतर हक्कात ‘शत्रू संपत्ती अभिरक्षक’ अशी नोंद आली आहे, तहसीलची नोटीस आली आहे, आणि विकास सोसायटीने मृगबागेचं पीककर्ज थांबवलं आहे. पन्नास वर्षांचा कब्जा आणि हातात खरेदीखत असताना जमीन जाते का?

जाऊ शकते, पण सगळी नाही, आणि बटाईचे कागद सापडले तर कदाचित एक गुंठाही नाही. बटाईचं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. प्रकरणात सगळ्यात वजनदार गोष्ट तीच आहे.

नोंद आत्ता आली म्हणून जमीन आत्ता जप्त झाली, असं समजू नका. १९६५ च्या युद्धात केंद्र सरकारने भारत संरक्षण नियम, १९६२ खाली १० सप्टेंबर १९६५ ला अधिसूचना काढली. भारतातली पाकिस्तानी नागरिकांची सगळी स्थावर मालमत्ता त्या एका कागदाने अभिरक्षकाकडे, म्हणजे बोलीतल्या कस्टोडियनकडे गेली. गावोगावच्या याद्या नंतर, सवडीने झाल्या. १९६२ पासूनच्या आणीबाणीचे नियम संपणार म्हणून १९६८ चा शत्रू संपत्ती कायदा, क्रमांक ३४, आला आणि त्याने तो ताबा पुढे चालू ठेवला. १९७१ च्या युद्धात तसाच दुसरा फेरा झाला. १९७७ च्या दुरुस्तीने तोही याच कायद्याखाली आला. ताश्कंद करारात मालमत्ता परत करण्यावर बोलणी करू असं लिहिलं होतं, पण तसं काही झालं नाही. पाकिस्तानने तिकडची १९७१ मध्ये विकून टाकली. तुमच्या तलाठ्याने आज घेतलेला फेरफार म्हणजे साठ वर्षं जुन्या घटनेची उशिरा केलेली नोंद, असा सरकारचा दावा आहे. म्हणून तुमचं उत्तरही त्या तारखेपासूनच सुरू झालं पाहिजे. १९७४ पासून सुरू होणारं उत्तर, खरेदीखत कितीही चोख असलं तरी, चुकीच्या जागी उभं राहतं.

बरेच वकील याच ठिकाणी २००५ चा महमूदाबादच्या राजांचा निकाल काढतात. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं होतं की शत्रूचा वारस भारतीय नागरिक असेल तर त्याच्याकडे आलेली मालमत्ता शत्रूची राहत नाही. तो निकाल आता कामाचा नाही. २०१७ च्या दुरुस्तीने, तीही मागच्या तारखेपासून लागू करून, शत्रूच्या व्याख्येतच त्याचा वारस घातला, तो भारतीय असला तरी. मालक मेला तरी ताबा सुटत नाही आणि अशा मालमत्तेला वारसा कायदाच लागत नाही. ‘शत्रू’ हा शब्द इथे माणसाला दिलेली शिवी नाही. ती नागरिकत्वावरून लावलेली कायद्याची पाटी आहे. उत्तरात थोरल्या भावाच्या देशभक्तीवर परिच्छेद खर्च करू नका.

आता हिश्शाचा हिशेब. इथे सरकारी यादी हमखास चुकते. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. मुस्लिम वारसाहक्कात बाप मेला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो; जन्मतः हक्क नाही, एकत्र कुटुंब नाही, कर्ताही नाही. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे पाच वाटे: थोरल्याचे ५६ गुंठे, धाकट्याचे ५६, बहिणीचे २८. १९६५ ला कस्टोडियनकडे गेले असतील तर फार तर थोरल्याचे ५६. उरलेल्या ८४ गुंठ्यांचे मालक इथेच राहिलेले भारतीय नागरिक होते.

मग यादीत सगळा गट का? त्या काळी वारस नोंद एकट्या थोरल्याच्या नावावर, पुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर लावून करण्याची सवय होती, आणि ती हिंदू खातेदारांपुरती थांबली नाही. नंतर यादी करणाऱ्याने सातबारा पाहिला, नाव एकच दिसलं, सगळं क्षेत्र त्याच्या नावे टाकलं. म्हणून १९५० च्या आसपासचा वारस फेरफार आधी काढा आणि नोंदीत सगळ्या वारसांची नावं आहेत का, ते वाचा. समोरून एक मुद्दा येऊ शकतो: १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. वगळलेली आहे हे खरं, पण जुन्या मुंबई इलाख्यात वेगळी रूढी सिद्ध होत नसेल तर वारसा मुस्लिम कायद्यानेच चालतो, आणि रूढी सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. बहिणीची सही १९७४ च्या खतावर लिहून देणार म्हणून नसेल तर तो तुमचा आणि तिच्या वारसांचा प्रश्न आहे. कस्टोडियनला त्यात काही मिळत नाही.

थोरल्याने जाण्यापूर्वी काही करून ठेवलं होतं का, हेही पाहा. १९५७-५८ च्या फेरफारात त्याचं नाव कमी झालेलं दिसलं तर कारण वाचा. हक्कसोड लिहिलं असेल तर नोंदणीकृत दस्त लागेल. हिबा म्हणजे बक्षीस असेल तर तोंडी चालतो, पण देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने स्वीकारलं आणि ताबा बदलला या तिन्ही गोष्टी दिसायला हव्यात. तेवढ्यापुरता तो फेरफार चांगला पुरावा ठरतो. १९६५ पूर्वी त्याचा हिस्सा खरोखरच धाकट्याकडे गेला असेल तर त्या दिवशी शत्रूचं तिथे काही नव्हतं, आणि जे त्याचं नव्हतं ते कस्टोडियनकडे जात नाही.

आता आजोबांची बटाई. मुंबई कूळवहिवाट कायदा, १९४८ खानदेशाला लागू होता आणि १ एप्रिल १९५७ हा त्यातला कृषक दिन. कलम ३२ प्रमाणे त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक झालं असं मानलं जातं. खंड रोख असो की पिकाचा वाटा, फरक पडत नाही. निम्मी बटाईही कूळवहिवाटच, कसणारा मालकाच्या घरचा किंवा त्याचा मजूर नसला की पुरे. थोरला गेला १९५८ साली. म्हणजे तो कराचीच्या बोटीत बसण्याआधीच, कायद्याने, १४० च्या १४० गुंठे तुमच्या आजोबांचे झालेले असू शकतात. तसं असेल तर १० सप्टेंबर १९६५ ला थोरल्याची जमीन उरली नव्हती, फार तर किमतीचा वाटा येणं होतं.

हे सिद्ध करायला १९५५-५६ आणि १९५६-५७ ची पीकपाहणी लागेल. त्यात कसणाऱ्याचं नाव आणि ‘रीत’, म्हणजे कसण्याचा प्रकार, हा रकाना पाहा. कूळ रजिस्टरचा उतारा, कूळनोंदीचा फेरफार, शेतजमीन न्यायाधिकरणासमोरचं कलम ३२ग चं किंमत ठरवण्याचं प्रकरण, किंमत भरल्याच्या पावत्या आणि ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र, यातलं जे मिळेल ते काढा. प्रमाणपत्र मिळालं तर पुढचं बरंचसं वाचायची गरज नाही. ते नसेल तर दोन अडचणी आधीच ओळखून ठेवा. आजोबा ३२ग च्या सुनावणीला गेलेच नाहीत, किंवा ‘घ्यायची नाही’ असा जबाब दिला, तर खरेदी निष्प्रभ झाल्याचा निकाल फाइलमध्ये बसलेला असतो. फाइल न पाहता हा मुद्दा नोटिशीच्या उत्तरात छातीठोकपणे लिहू नका. दुसरी अडचण तुमच्याच खरेदीखतात आहे: मालक होतात तर १९७४ ला विकत का घेतली? यावर कायद्याचं उत्तर आहे. मालकी कलम ३२ ने येते, लोकांच्या समजुतीने नाही. पण ते पुराव्यानिशी मांडावं लागतं. कूळ होतं की नाही याचा निर्णय कलम ७०(ब) खाली तहसीलदार करतो. तो अर्ज कस्टोडियनला पक्षकार करूनच करा. त्याच्या माघारी मिळवलेला आदेश त्याच्यावर बंधनकारक होत नाही.

तिसरी तपासणी कंटाळवाणी आहे, पण कधी कधी तिथेच प्रकरण संपतं. कस्टोडियनच्या जुन्या याद्यांत सर्व्हे नंबर आहेत. नंतर गावोगाव जमीन एकत्रीकरण झालं आणि गट नंबर पडले. सर्व्हे नंबर ४७ चा गट ४७ होत नाही. यादीतला आकडा तसाच गटाला चिकटवला की नोंद भलत्याच खातेदाराच्या सातबाऱ्यावर जाते. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडून एकत्रीकरणाचा ९(३)-९(४) उतारा घ्या आणि जुना नंबर, क्षेत्र, आकार म्हणजे सारा जुळतात का पाहा. सारखं नाव आणि बापाचंही सारखं नाव, यावरूनही घोळ होतात. जुन्या दप्तरांवर ‘पूर्व खानदेश’ आणि ‘पश्चिम खानदेश’ असे मथळे आहेत. जळगावच्या माणसाने ‘जळगाव’ शोधत बसू नये. नंदुरबार १९९८ साली वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे तिथलं जुनं काही धुळ्यात शोधावं लागतं.

निष्क्रांत मालमत्तेशीही गल्लत होते. फाळणीच्या काळात, १ मार्च १९४७ नंतर गेलेल्यांची मालमत्ता १९५० च्या वेगळ्या कायद्याखाली गेली आणि १९५४ च्या कायद्याने निर्वासितांना भरपाईत वाटली गेली. जळगाव-धुळ्यातल्या सिंधी कुटुंबांकडच्या सनदांचा उगम बऱ्याचदा तिथे असतो. ७ मे १९५४ नंतर कोणतीही मालमत्ता नव्याने निष्क्रांत ठरवता येत नव्हती, त्यामुळे १९५८ ला गेलेल्या तुमच्या थोरल्याला तो कायदा लागत नाही. पण ज्याच्याकडे तशी सनद आहे, त्याच्या जमिनीला ‘शत्रू संपत्ती’ म्हणणं चूक आहे. ती जमीन १९६५ च्या आधीच सरकारमार्फत दुसऱ्याची झालेली असते.

नागरिकत्वाचा मुद्दा फाइल पाहून ठरवा. ‘पाकिस्तानात गेला’ एवढा गावचा पंचनामा म्हणजे पाकिस्तानी नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि ते कधी संपलं हे १९५५ च्या कायद्याखाली केंद्र सरकार ठरवतं. त्याने ते १९६७ ला घेतलं असं निघालं तर १९६५ चा फेरा चुकतो, पण १९७१ चा लागतोच. यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आता काय करायचं, ते क्रमाने.

नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे ते वाचा. कस्टोडियन मालमत्तेची माहिती मागत असेल तर एक गोष्ट. सार्वजनिक जागेतून अनधिकृत भोगवटादार काढण्याच्या १९७१ च्या कायद्याखाली असेल तर दुसरी. २०१७ पासून शत्रू संपत्तीही त्या कायद्यातली सार्वजनिक जागा आहे. तिथे कारणे दाखवायला सात दिवसांहून जास्त मिळत नाहीत, आणि निष्कासनाच्या आदेशावर जिल्हा न्यायालयात अपील बारा दिवसांत करावं लागतं. तलाठी कार्यालयात चकरा मारण्यातच हे बारा दिवस जातात.

त्याच आठवड्यात कस्टोडियनच्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत. मागा ते असं: ही मालमत्ता कस्टोडियनकडे असल्याचं, शत्रू संपत्ती कायद्याच्या कलम १०अ चं, या गटाबाबतचं प्रमाणपत्र, मूळ यादीतलं पान सर्व्हे नंबर आणि क्षेत्रासह, मालकाच्या नागरिकत्वाबद्दलचे कागद, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार. बऱ्याच प्रकरणांत नोंद जिल्ह्याच्या एका पत्रावर झालेली असते आणि प्रमाणपत्र निघालेलंच नसतं. हे कळल्याशिवाय तुम्ही नक्की कशाविरुद्ध भांडताय, तेच ठरत नाही.

फेरफाराला हरकत घ्या, मंजूर झाला असेल तर महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, साठ दिवसांत अपील करा. पण त्याच्याकडून मिळण्यासारखं तेवढंच मागा. जमीन शत्रूची आहे की नाही हे प्रांत ठरवू शकत नाही. चुकीचा गट, ५६ गुंठ्यांऐवजी १४० गुंठ्यांवर नोंद, नोटीस न देता नोंद, एवढं तो दुरुस्त करू शकतो. ८४ गुंठे नोंदीतून मोकळे झाले तर सोसायटीशी कर्जाचं बोलायला जागा होते.

मालकीचा खरा अर्ज शत्रू संपत्ती कायद्याच्या कलम १८ खाली, दिल्लीला गृह मंत्रालयाकडे, प्रत कस्टोडियनला. कस्टोडियन २००७ पर्यंत वाणिज्य मंत्रालयाखाली होता, म्हणून जुन्या नमुन्यांवर तो पत्ता दिसतो. अर्जात तारखांचा तक्ता हेच मुख्य कलम ठेवा: १९५०, १ एप्रिल १९५७, १९५८, १० सप्टेंबर १९६५, १९७४, प्रत्येकासमोर कागद. सुनावणी मागा, कायद्याने ती द्यावी लागते. आदेश विरोधात गेला तर कलम १८क खाली उच्च न्यायालयात अपील, साठ दिवसांत; सबळ कारण असेल तर आणखी साठ. एकशेविसाव्या दिवसानंतर या कलमात दार नाही. अपील मालमत्ता जिथे आहे तिथल्या उच्च न्यायालयात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठात. रावेरच्या किंवा जळगावच्या दिवाणी न्यायालयात दावा लावून मनाई हुकूम आणू, असं कोणी सांगितलं तर कलम १८ब दाखवा. दिवाणी न्यायालयाला मज्जाव आहे. रिट याचिकेचा मार्ग बंद नाही, पण कोर्ट आधी कायद्यातला उपाय वापरायला पाठवतं. भोपाळच्या नवाबांच्या मालमत्तेच्या प्रकरणात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हेच केलं.

या सगळ्यात एक सही फार महाग पडते. ‘कसत राहायचं असेल तर भाडं भरा आणि एवढ्या करारावर सही करा’ असं सांगितलं जाईल. भाडेकरू म्हणून आत गेलेल्याला, तो करार चालू असताना, त्याच घरमालकाची मालकी नाकारता येत नाही. काही भरणं भागच असेल तर ‘मालकी हक्काला बाधा न येता, हरकत राखून’ असं लिहून, पावती घेऊन भरा, आणि ज्याच्यावर वाद आहे त्या ५६ गुंठ्यांपुरतंच.

दुसरा सापळा बाहेरून येतो. थोरल्याचे नातेवाईक मुंबईत आहेत, कराचीहून कुलमुखत्यारपत्र आणून देतो, हक्कसोड करून देतो, अमुक लाख द्या. कलम ६ प्रमाणे कस्टोडियनकडे गेलेली मालमत्ता शत्रू विकू शकत नाही. केलेला व्यवहार रद्दबातल. वारसांना तर हक्कच पोहोचत नाही. पैसे द्या किंवा केळीच्या घडात बांधून तापीत सोडा, निष्पत्ती तीच.

आणि ‘बारा वर्षांहून जास्त कब्जा’ हा युक्तिवाद पहिल्या पानावर ठेवू नका. तो मांडायला दिवाणी न्यायालय उरलेलं नाही, आणि तसा पवित्रा घेणं म्हणजे मालकी दुसऱ्याची होती हे कबूल करणं. कूळ म्हणून मालक झालो म्हणणाऱ्याने ते कशाला म्हणावं?

५६ गुंठे खरोखर कस्टोडियनचेच निघाले तर विकत घेण्याची वाट आहे. विल्हेवाटीची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ ची; २०२३ च्या बदलानुसार एक कोटी रुपयांखालच्या मालमत्तेत पहिला प्रस्ताव भोगवटादाराला द्यायचा, त्यावरच्या ई-लिलावाने. ही मर्यादा नव्या आदेशांनी बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशीचा चालू आदेश पाहा. मूल्यांकन होताना हजर राहा आणि विहीर, ठिबक, पाइपलाइन तुमची असल्याच्या पावत्या तिथेच दाखल करा. नाहीतर स्वतःच्याच विहिरीची किंमत तुम्ही दुसऱ्यांदा मोजाल. खरेदीची तयारी दाखवणारं पत्र मात्र कलम १८ च्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत पर्यायी म्हणूनच द्या.

शहरातल्या घरांना हेच सगळं लागू आहे, सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक घ्या. भुसावळ किंवा धुळ्यात अशा घरात कोणी भाडेकरू असेल आणि मूळ मालकाच्या पुतण्याला भाडं देत असेल, तर ते भाडं कायद्याच्या लेखी भरलेलंच नाही. नगरपालिकेची घरपट्टीही माफ होत नाही: सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लखनऊच्या प्रकरणात सांगितलं की कस्टोडियन हा विश्वस्तासारखा आहे, मालमत्ता केंद्र सरकारची होत नाही, म्हणून केंद्राला असलेली करमाफी तिला नाही. हा निकाल जमिनीच्या प्रकरणातही जोडा. ‘जमीन सरकारजमा झाली’ हे वाक्य नोटिशीत असेल तर ते या निकालाशी जुळत नाही.

शेअर्सही यात येतात, आणि खानदेशाला ते जवळचं आहे. अमळनेरात १९४५ साली सुरू झालेल्या तेल गिरणीच्या कंपनीची पुढे विप्रो झाली. कस्टोडियनकडे असलेले तिचे शेअर्स एप्रिल २०१९ मध्ये सुमारे १,१५० कोटी रुपयांना विकले गेले. जुन्या पेटीत तिकडे गेलेल्या नातेवाइकाच्या नावचं प्रमाणपत्र सापडलं तर ते स्वतःच्या नावावर करायच्या खटपटीत पडू नका. लाभांशसुद्धा कस्टोडियनलाच द्यायचा असतो.

तुमच्यापुरतं: उद्या सकाळी तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५०, १९५५-५६, १९५६-५७ आणि १९५७-५८ या वर्षांच्या नकलांचा अर्ज द्या, आणि ३२ग च्या फाइलचा वेगळा. नोटिशीच्या उत्तराला मुदत कमी असेल तर ‘नकला मागितल्या आहेत, मिळताच सविस्तर म्हणणे देतो, तोवर कस्टोडियनची मालकी आम्ही कबूल केली असा अर्थ काढू नये, ती आम्हाला अमान्य आहे’ एवढ्या मजकुराचं तात्पुरतं उत्तर, नकलांच्या अर्जाची पोच जोडून, मुदतीच्या आत आवक शिक्क्यासह दाखल करा.